डॉक्टर सरनोबतांची गोटी

मंजूआत्याला हसलेली सगळी माणसं मला तोंडपाठ आहेत. कानात बाळी घातलेला म्हातारा, मांडीवर बाळ घेतलेली बाई, काउंटरमागची रिसेप्शनिस्ट, आणि भिंतीला टेकून उभा असलेला एक औषध कंपनीचा माणूस, जो केवळ डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून हसला.

डॉक्टर विक्रांत सरनोबत स्वतः हसले नव्हते. त्यांनी फक्त हसवलं होतं.

आत्या एसटीत कंडक्टर आहे, बार्शी-तुळजापूर गाडीवर. बॅटरीच्या गाड्या आवाज करत नाहीत, पण आत्या करते. ती मागच्या दारातून बोलली की पुढच्या सीटवरचा माणूस पाय आवरून बसतो. माझे आईबाबा दोघंही नोकरीसाठी दूर, त्यामुळे मी लहानपणापासून तिच्याकडेच. कंडक्टर बायकांना एक विद्या आपोआप येते. सकाळी निघताना पाणी प्यायचं नाही, स्टँडवरच्या संडासाकडे बघायचंही नाही, आणि पोटाला दटावून गप बसवायचं. आत्याने पोटाला इतकी वर्षं दटावलं होतं की त्यातून रक्त जायला लागलं तेव्हा तिने रक्तालाही दटावलं. मूळव्याध असेल, म्हणाली. मला ते बाथरूममध्ये दिसलं आणि मी तिला ओढतच सरनोबतांच्या पोटविकार केंद्रात नेलं. त्यांनी कोलोनोस्कोपी सांगितली.

इथे थोडं विज्ञान सांगते. मोठं आतडं म्हणजे दीडेक मीटरची वळणावळणाची नळी. तिच्यात कॅमेरा घालून बघायचं तर आधी ती धुऊन निघायला हवी, कारण धोक्याची गाठ सुरुवातीला मसुराच्या डाळीएवढी असू शकते. तिच्यावर खरोखरची डाळ चिकटलेली असेल तर कॅमेऱ्याला गाठ दिसतच नाही. पूर्वी त्यासाठी बादलीभर वाटावं इतकं खारट औषधी पाणी प्यायला लावत. आतडं साफ झालं की नाही, ते माणूस टेबलावर आडवा झाल्यावरच कळायचं. साफ नसेल तर पुन्हा पहिल्यापासून.

मग गोटी आली. जांभळाच्या बीएवढी, मऊ कवचाची. औषधाच्या पहिल्या ग्लासाबरोबर गिळायची. पोटात गेल्यावर तिचं कवच फुगतं, त्यामुळे ती पाण्याच्या लोंढ्यामागून सावकाश सरकते आणि बारीक दिवे लावत आतडं न्याहाळते. प्रत्येक पदार्थ उजेड आपापल्या रंगात परत पाठवतो, त्यावरून तिला कळतं की मागे काय राहिलंय. आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला तीनपैकी गुण, एकूण नऊ. आणखी एक ग्लास प्या किंवा आता बास, हे ती फोनवर सांगते. कित्येकांची निम्म्या पाण्यात सुटका व्हायला लागली. हे काम मोठं आहे आणि माझा राग गोटीवर कधीच नव्हता.

आत्याची तारीख नेमकी सातव्या माळेला आली. गोटीबरोबर आलेल्या सूचनेत होतं की आधीचे दोन दिवस पांढरा भात, पाव, दही एवढंच खावं. बिया, सालं, डाळी वर्ज्य. पण आत्याचे नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास. ती भात आणि पाव कसा खाणार? तिने साबुदाण्याची खिचडी खाल्ली, राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, आणि तिची मनापासून समजूत होती की डॉक्टरांनी सांगितलं त्याच्याही वरचं पथ्य आपण पाळलंय. मीही तेच समजत होते. आमच्याकडे उपास केला म्हणजे पोट हलकं झालं, यावर कुणी शंका घेत नाही. खिचडीतले शेंगदाणे मात्र आपली जागा सोडत नाहीत.

आत्या सांगितलेले सगळे ग्लास प्यायली, तरी गोटीने नऊपैकी तीनच गुण दिले. हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर नावापुढे लाल पट्टी आली आणि डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"बाई, दिवसभर प्रवाशांना नियम शिकवता ना? मग दोन दिवस स्वतःच्या तोंडाला कुलूप नाही घालता आलं?"

आत्या म्हणाली, "साहेब, माझं नवरात्र आहे. सात दिवस अन्नाचा कण घेतला नाही मी."

डॉक्टर हॉलकडे वळले. "ऐका. अन्नाचा कण घेतला नाही म्हणतात. आणि आत किराणा दुकान उघडलंय."

तेव्हा ती सगळी माणसं हसली.

आत्याच्या नोंदीवर 'सूचना न पाळणारी रुग्ण' असा शिक्का बसला. हा शिक्का बसला की कुठल्याही दवाखान्यात तुमचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो, आणि तिथल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं की ही बाई खोटं बोलते. आम्ही घरी चालत आलो. वाटेत तिच्याच डेपोची गाडी थांबली, ड्रायव्हरने हाक मारली, तरी ती चढली नाही. घरी येऊन तिने चपला नीट लावल्या आणि म्हणाली, "मेले तरी त्या टेबलावर झोपणार नाही. विषय संपला."

रक्त थांबलं नव्हतं. ती सांगत नव्हती, पण आमच्याकडे बाथरूम एकच आहे.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, आत्याची तपासणी. दोन, डॉक्टर सरनोबत, त्याच हॉलमध्ये, त्याच पडद्याखाली. यातली कुठली जास्त हवी होती ते मला विचारू नका, त्या दिवसांत मी बिनदिक्कत चुकीचं उत्तर दिलं असतं.

संधी शाळेत चालून आली. गोटी बनवणाऱ्या कंपनीने अकरावी-बारावीच्या मुलांसाठी स्पर्धा काढली, आपल्या भागातलं ताट गोटीला शिकवा म्हणून. गोटी जिथे तयार झाली तिथे तिला पाव, पास्ता, मका ओळखायला शिकवलं होतं. आपल्याकडची ज्वारी तिला कशीबशी कळायची. मी नाव दिलं आणि आत्याच्याच गाडीत माझं संशोधन सुरू केलं. बायकांशेजारी बसायचं, आणि पोट साफ करायचं औषध घेतलं होतं तेव्हा काय खाल्लं होतं असं सरळ विचारायचं. तुम्हाला वाटेल कोण सांगणार. अहो, वैराग यायच्या आत सगळी गाडी सांगायला लागायची. एकीने एकादशीला भात चालत नाही म्हणून शिंगाड्याचं थालीपीठ खाल्लं होतं. एकीने साबुदाणा टाळला आणि त्याऐवजी अंजिरं खाल्ली. जवळजवळ सगळ्यांना डॉक्टरांनी झापलं होतं आणि एकीनेही उपासाचं सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आत्या पुढे उभी राहून हे सगळं ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती.

मग शाळेच्या प्रयोगशाळेत मी साबुदाणा, वरई, राजगिरा, शेंगदाणे, रताळं, सगळं उकडून, वाटून, पाचक रसात भिजवून त्यावर वेगवेगळ्या रंगांचा उजेड टाकला. वास असा सुटला की आमच्या वर्गाला आठवडाभर मैदानात बसावं लागलं. निष्कर्ष गमतीचा निघाला. साबुदाणा बिचारा निर्दोष. तो जवळपास पूर्ण पचतो, मागे काही ठेवत नाही. गुन्हेगार त्याच्या संगतीतले: शेंगदाण्याचा कूट, राजगिऱ्याचे बारीक दाणे, रताळ्याची सालं. म्हणजे उपास न मोडताही आतडं साफ ठेवता येतं. साबुदाण्याची पातळ खीर, गाळलेलं ताक, लिंबाचं सरबत, शहाळ्याचं पाणी. देवीलाही चालतं, कॅमेऱ्यालाही.

पण माझी खरी भर वेगळीच होती. मी गोटीच्या बोलण्यात एक प्रश्न घातला. औषध सुरू करण्याआधी ती आता विचारते की उपास आहे का, आणि काल काय काय खाल्लं. जे सांगाल त्याप्रमाणे पाण्याचा हिशोब बदलते. आणि शेवटी सांगितलेलं आणि सापडलेलं शेजारी शेजारी मांडते. या शेवटच्या ओळीची कंपनीला फार गरज नव्हती. मला होती.

माझी नोंद निवडली गेली. नव्या गोटीची सुरुवात बार्शीतच करायची ठरली, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, सरनोबतांच्या केंद्रात, मोठ्या शिबिराने. सोलापूरहून डॉक्टर नसरीन मुजावर तपासण्या करायला येणार होत्या. आणि सरनोबतांनी शाळेत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं की पहिली गोटी ते स्वतः गिळतील आणि त्यांचे गुण हॉलमधल्या पडद्यावर सगळ्यांना दिसतील. लोकांची भीती जाईल, म्हणाले. त्यांनी मला ओळखलं नाही. ज्यांच्यावर हसवतो त्यांच्या भाच्या कोण लक्षात ठेवतं.

त्या संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"तो गिळणार?" तिने विचारलं. "सगळ्यांसमोर?"

मी हो म्हटलं. मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. तब्येतीचं, काळजीचं, आईबाबांचं काहीच काढलं नाही. फक्त म्हटलं, "तू पण घे. त्याच दिवशी. त्याच्यापेक्षा जास्त गुण पाडून दाखव."

भाकरी तव्यावर फुगली, तिने ती उलटली. "माझा गुरुवार आहे आदल्या दिवशी," ती म्हणाली. "उपास मोडणार नाही मी."

"मोडू नकोस. त्यासाठीच तर केलंय."

"संध्याकाळी नैवेद्याला पुरण असतं."

"ते देवीला. तुला खीर."

"बरी शिकलीयस बोलायला," आत्या म्हणाली. पण यादीत नाव लिहायला तिने हो म्हटलं. शिक्क्यामुळे तिचा नंबर अगदी तळाला लागला, म्हणजे कुणी गळलं तरच.

आता हुरड्याचं सांगते. शिबिराच्या आदल्या दिवशी शाळेने माझ्या कौतुकासाठी एका शेतावर हुरडा पार्टी ठेवली आणि सरनोबत प्रमुख पाहुणे. गूळभेंडीचा हुरडा, आगटीतून काढलेली गरम कणसं, चोळून पुढ्यात टाकलेले हिरवे दाणे, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी. ज्याची उद्या तपासणी आहे त्याने या गोष्टींच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. ते आधी नको नको म्हणाले. मग एक मूठ घेतली. शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांना त्यांनी सांगितलं की हे सगळे नियम सामान्य लोकांसाठी असतात, मला माझं पोट पाठ आहे.

वाढायला मी होते. मी त्यांना काही म्हणजे काही बोलले नाही. फक्त त्यांची पत्रावळ रिकामी होऊ दिली नाही. चटणी अजून हवी का एवढंच विचारलं, आणि हवी होती.

माझी एक मैत्रीण नंतर म्हणाली की हे बरोबर नव्हतं. मी तिला म्हटलं, घास मी भरवला नाही. आणि रात्री गोटी त्यांना काय खाल्लं म्हणून विचारणारच होती. खरं सांगितलं असतं तर तिने मुकाट्याने दोन ग्लास वाढवले असते आणि ते सुटले असते. मी त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. ते त्यातून जाणार नाहीत याबद्दल मला अजिबात शंका नव्हती, ही गोष्ट वेगळी.

शुक्रवारी हॉल भरला होता. आत्या गणवेशात आली होती, रजा असूनही. गोटीने तिला सकाळीच पाणी पुरे म्हणून सांगितलं होतं, तरी ती माझ्या कानात म्हणाली की पोटात आता फक्त राग उरलाय. डॉक्टरांनी छोटं भाषण केलं. स्वच्छ आतडं ही आपली नागरी जबाबदारी आहे असं काहीतरी. मग पडदा लागला.

नवी गोटी मराठीत बोलते, बाईच्या शांत आवाजात. तो आवाजही मीच निवडला होता.

"नमस्कार. एकूण गुण नऊपैकी चार. सांगितलेलं अन्न: ताक-भात. सापडलेलं अन्न: ज्वारी, शेंगदाणे, जवस. पहाटे सुचवलेले दोन ग्लास प्यायल्याची नोंद आहे. प्यायलेले दिसत नाहीत."

आधी कुणालाच नीट कळलं नाही. मग मागून एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "म्हणजे साहेबांनी हुरडा हाणला व्हय?"

आणि हॉल फुटला. काउंटरमागची रिसेप्शनिस्ट टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकली ती वर येईना. डॉक्टर रिमोट शोधत होते. पडदा बंद होईपर्यंत 'जवस' हा शब्द तिथे ठळक अक्षरांत उभा होता. मी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले. एवढ्या दिवसांची वाट बघितली होती, मला एकही क्षण चुकवायचा नव्हता. त्यांचे कान लाल झाले, मग गाल, मग टकलापर्यंत सगळं. मला फार बरं वाटलं. मोठी माणसं म्हणतात की सूड घेतल्यावर रितं वाटतं. मला जेवल्यासारखं वाटलं.

आत्या मात्र हसली नाही. ती उठली. गाडीत फुकट्या सापडल्यावर उठते तशी.

"साहेब, तुमची वेळ रिकामी झाली ना?" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "मग ती मला द्या. माझे नऊपैकी नऊ आहेत. आणि तपासणी तुम्हीच करा. आत काय सापडतं ते माझ्या तोंडावर सांगा."

नसरीन मॅडमनी आत्याचे गुण पाहिले. शिक्काही पाहिला. मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, टेबल तयार आहे."

दार बंद झालं तेव्हा कुठे मला घाम फुटला. इतके दिवस माझ्या डोक्यात फक्त हा हॉल होता. दाराच्या पलीकडे काय असेल याचा विचार मी केलाच नव्हता. लोक अजून हुरड्यावरून विनोद करत होते आणि मला ते एकाएकी नकोसे झाले. आत ज्या माणसाच्या हातात आत्या होती त्याचे हात आत्ता थरथरत असतील, आणि ते मी केलं होतं.

ते थरथरले नाहीत. नसरीन मॅडमनी मला नंतर सांगितलं की इतकं सफाईदार काम त्यांनी क्वचित पाहिलंय. उजवीकडच्या वळणाआड, घडीच्या मागे, हरभऱ्याएवढी गाठ होती. नवरात्रात ती शेंगदाण्यांखाली झाकली गेली असती. डॉक्टरांनी ती देठासकट काढली आणि तपासायला पाठवली. मला त्यांचा राग आला की त्यांना हे इतकं छान येतं.

आत्या शुद्धीवर आल्यावर ते तिच्यासमोर उभे राहिले आणि गाठ होती, काढली, एवढं सांगितलं. माफी मागितली नाही. ती मागितली नाही हे आत्यानेही बोलून दाखवलं नाही.

गाठीचा अहवाल आणायला आम्ही एका रविवारी गेलो. केंद्र बंद असतं त्या दिवशी, पण नसरीन मॅडमनी बोलावलं होतं. त्या म्हणाल्या की गाठीच्या शेंड्याला वाईट पेशी होत्या, देठापर्यंत उतरल्या नव्हत्या. सगळं निघालंय. उशीर झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. आत्याने मान डोलावली, पर्समधून रुमाल काढला, आणि नाक पुसायच्या निमित्ताने चेहरा झाकून बराच वेळ बसून राहिली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो झटकला आणि मग स्वतःच घट्ट धरला.

तेवढ्यात आतून वाद ऐकू आला. सरनोबत. अंगात मागून नाड्या बांधायचा हिरवा झगा, पायात दवाखान्याच्या स्लिपर. कुणाला न कळवता त्यांनी स्वतःची तपासणी रविवारी ठेवली होती. या वेळी आतडं साफ होतं. पण गुंगीचं इंजेक्शन घ्यायचं तर घरी न्यायला सोबत माणूस हवा, नाहीतर तपासणी होत नाही. बायको मुलाकडे हैदराबादला. स्टाफपैकी कुणाला बोलवायची त्यांची हिंमत नव्हती. मी डॉक्टर आहे, मी जाईन एकटा, म्हणत होते. नसरीन मॅडमनी शांतपणे भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लावलेल्या नियमाखाली सही सरनोबतांचीच होती.

मी आत्याला म्हटलं, चल घरी. होऊ दे रद्द. पुन्हा पिऊ दे पाणी.

आत्या उठली आणि म्हणाली, "मी आहे सोबत."

नाही म्हणायला डॉक्टरांनी तोंड उघडलं, मग पोटात काहीतरी गुरगुरलं आणि त्यांनी ते मिटलं. आत्याने सही केली. मी तिच्यावर इतकी चिडले की माझ्या डोळ्यात पाणी आलं. एवढं सगळं काय दया दाखवायला केलं, असं मी तिला विचारलं.

"दया कुठली," आत्या म्हणाली. "आज घरी सोडलं की जन्मभर हा माणूस मला बघून रस्ता बदलेल. तू लहान आहेस अजून."

त्यांचं सगळं नीट निघालं. रिक्षात आत्याने त्यांना आमच्या दोघींच्या मधे बसवलं, दंडाला धरून, पायरी आहे, सावकाश, म्हणत. गुंगी उतरली नव्हती. त्यांचं डोकं वळणावर आत्याच्या खांद्याला लागायचं आणि ते सॉरी म्हणायचे, पुन्हा लागायचं, पुन्हा सॉरी. एकदा ते डोळे मिटूनच म्हणाले, "लोक हसले ना, की मला वाटतं आपण ग्रेट आहोत." कोणते लोक, कधी, काही नाही. आत्या बाहेर बघत होती. तिची हनुवटी मात्र वर होती, भरल्या गाडीत असते तशी.

बंगल्याच्या फाटकाशी त्यांना थोडी शुद्ध आली. गजाला धरून उभे राहिले आणि आत्याला म्हणाले, "कंडक्टरबाई, हे कुणाला सांगू नका."

"नाही सांगणार, साहेब," आत्या म्हणाली. आणि आत्या दिलेला शब्द पाळते, हे अख्खा डेपो सांगेल.

मला त्यांनी काही विचारलं नाही.